फुली मारलेलं वजन

‘आपल्या कारखान्यातली पहिली मुलगी’ असं माझ्या मुलाने त्याच्या लेकीच्या समारंभाच्या पत्रिकेवर छापून आणलं, तेव्हा वन्सं माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी पत्रिका हातभर लांब धरून वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “मग मी कोण होते? मुलगा?”

बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, आणि ते पस्तीस वर्षं मी गिळून बसले होते.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत. आमचा तराजूंचा आणि वजनांचा कारखाना, माझ्या आजेसासऱ्यांनी काढलेला. एक लांब खोली, उत्तरेकडे खिडक्या, खिडक्यांखाली लाकडी बाकं, प्रत्येक बाकाला एक पकड आणि भिंतीला कानशींची रांग. हवेत पितळेचा भुगा इतका की संध्याकाळी प्रत्येकाच्या भुवया पिवळ्या झालेल्या असतात. दाराशेजारी खुंट्यांची एक फळी आहे. प्रत्येक खुंटीवर एकेका कारागिराचा ठसा उमटवलेला: कुणाची किल्ली, कुणाचं पान, कुणाचा कोंबडा. ठशाखाली त्याचा एप्रन. तो जे बनवेल त्यावर तोच ठसा जातो.

ही खुंटी मिळायची एकच वाट आहे. शिकाऊ माणसाने ओबडधोबड ओतीव पितळेतून एक किलोचं वजन स्वतःच्या हाताने घडवायचं. यंत्र वापरायचं नाही, कानस आणि हात एवढंच. मग ठरलेल्या दिवशी सगळं काम थांबतं, सगळे उभे राहतात आणि मालक पेटीतून ‘थोरलं’ काढतात. थोरलं म्हणजे आजेसासऱ्यांनी आणलेलं मूळ माप. ते प्रत्येक कारागीर आळीपाळीने राखेने घासतो, त्यात आपलं तोंड दिसेपर्यंत. मग ते एका पारड्यात, नवं वजन दुसऱ्या पारड्यात. काटा मधोमध थांबला की मालक म्हणतात, “काटा मध्ये आहे. हा आमच्यातला.” त्या दिवसापासून कालपर्यंत ‘ए पोरा’ असलेल्या माणसाला मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळे ‘तुम्ही’ म्हणतात. काटा हलला, तर त्याच वजनावर छिन्नीने फुली मारतात आणि ते परत देतात. याला कारखान्यात ‘काट्याचा दिवस’ म्हणतात. कुणाचं वय विचारलं तरी तिथले लोक सांगतात, “काट्याच्या दिवसाला एवढी वर्षं झाली.” त्याआधीचं आयुष्य जणू धरायचंच नाही.

वन्सं अकराव्या वर्षी वडिलांचा डबा पोचवायला तिथे जाऊ लागल्या. डबा द्यायचा आणि परत यायचं, असं ठरलेलं. त्या परत यायच्याच नाहीत. एका म्हाताऱ्या कारागिराने गंमत म्हणून त्यांच्या हातात कानस दिली. गंमत चार वर्षं चालली. पंधराव्या वर्षी त्या तराजूची दांडी अशी समतोल करत की तो म्हातारा सासऱ्यांना म्हणाला, “मालक, तुमच्या पोराचं राहू द्या, ह्या पोरीला बाकावर बसवा.” सासरे हसले. ते हसले की विषय संपला असं समजायचं.

एकोणिसाव्या वर्षी वन्सं अडून बसल्या. दोन दिवस जेवल्या नाहीत. शेवटी सासरे म्हणाले, “दे परीक्षा. तुझी हौस फिटू दे.”

हौस! आजही तो शब्द आठवला की माझ्या कानशिलांत ठणका लागतो.

शिकाऊ मुलांना काट्याच्या दिवसाआधी आठवडाभर थोरलं हाताळायला मिळत असे. संध्याकाळी पेटी उघडून देत, त्याच्याशी आपलं वजन ताडून बघत बघत ती हात बसवत. वन्संना पेटीला हात लावू दिला नाही. बाईच्या हाताचा घाम लागतो म्हणे पितळेला. पुरुषांना घाम येतच नसावा. म्हणून वन्संनी आपलं वजन रोजच्या कामाच्या पेटीशी ताडून घेतलं. ती पेटी सरकारी शिक्क्याची, दरवर्षी तपासून येणारी. बाजारात जाणारं प्रत्येक वजन तिच्याशीच जुळवत.

मी तेव्हा चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन या घरात आले होते. आम्हा बायकांना दारातून बघायची परवानगी होती. थोरलं उजव्या पारड्यात ठेवलं, वन्संचं डाव्या. डावं पारडं खाली गेलं. फार नाही, काटा दोन केसांइतका सरकला.

“जड आहे,” सासरे म्हणाले.

“बाबा, सरकारी पेटीशी बरोबर जुळतंय. तुम्ही बघा ना. आत्ता बघा.”

“मग ती पेटी चुकली असेल. हे चुकत नाही.”

“पण बघा तरी!”

“थोरल्याला तपासायचं? कशाशी? तुझ्या अकलेशी?”

सगळे हसले. माझे यजमानही हसले, मी दारातून बघितलं. सासऱ्यांनी वजन ऐरणीवर ठेवलं, छिन्नी लावली आणि दोन घाव घालून फुली मारली; पितळ दबलं, कण निघाला नाही. दुसऱ्या घावाला वन्संनी डोळे मिटले. मी रोज वहीत लिहिते, त्या दिवसाची नोंद माझ्यापुढे आहे: ‘हवा दमट. वन्संचं वजन नापास झालं. पडदे धुतले.’ तेवीस वर्षांची, शिकलेली मुलगी मी. शाळेतल्या बाईंनी इतकी वर्षं घोकून घेतलं होतं की पाहिलं तेवढंच आणि नीट लिहावं. नीट काय पाहिलं मी? पडदे.

वन्सं कारखाना सोडून गेल्या नाहीत, हे लोकांना फार कौतुकाचं वाटतं. मला वाटत नाही. जायला दुसरी जागा असती तर त्या गेल्या असत्या. त्यांचं लग्न दोन गल्ल्या सोडून एका शाळामास्तरांशी झालं. माणूस सज्जन, पण पगार बेताचा. वन्सं रोज नऊ वाजता कारखान्यात ‘मदतीला’ येत राहिल्या. त्यांचा एप्रन दारामागच्या खिळ्यावर. खुंटी नव्हती म्हणून ठसा नाही, ठसा नाही म्हणून त्यांच्या हातचा प्रत्येक तराजू माझ्या यजमानांच्या ठशाने बाहेर गेला. यजमानांचा ठसा मासा. सराफ, औषधवाले, प्रयोगशाळावाले मुद्दाम सांगायचे, “मासाच द्या, दुसरा नको.” आमच्या घरात त्या माशाचं केवढं कौतुक! मासा पोहत होता तो वन्संच्या मनगटांवर.

आणि कळस असा, की नव्या कारागिराचा ठसा कापायचं नाजूक काम कुणाकडे? वन्संकडे. पोलादाच्या कांडीच्या टोकावर नखाएवढं उलटं चित्र कोरायचं. त्यांच्यासारखा हात कुणाचाच नव्हता. एकोणपन्नास वर्षांत त्यांनी सतरा जणांचे ठसे कापले. काल नाक पुसणारी पोरं त्यांच्या हातून ठसा घेत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच म्हणत, “ताई, माझी कानस दे गं जरा.” वन्सं मात्र पोरांना ‘तुम्ही’ म्हणत. तसा नियम होता.

फुलीचं ते वजन त्यांनी मला दिलं. “तुमच्या वह्यांची पानं उडतात, त्यांवर ठेवा,” म्हणाल्या. मी ठेवलं. इतकी वर्षं ते माझ्या टेबलावर, माझ्या रोजच्या नोंदींवर बसून होतं.

आता मी गिळलेली गोष्ट. सासरे गेले तेव्हा थोरल्याची पेटी यजमानांकडे आली. एके दिवशी दुपारी ते घरी आले, हात न धुता खुर्चीत बसले. भुवया पिवळ्या, तोंड पांढरं. म्हणाले, “मी थोरलं सरकारी पेटीशी तोललं.”

“आणि?”

“हलकं आहे. चांगलं दोन केस हलकं.”

मला क्षणभर कळेना. मग कळलं. आजेसासऱ्यांच्या काळापासून दर काट्याच्या दिवशी दहा-बारा माणसांनी राखेने घासायचं, तोंड दिसेपर्यंत. मान म्हणून. घासून घासून ते झिजलं होतं. आणि तपासायचं कुणी? त्याला तपासणं म्हणजे बापाला जाब विचारणं. पेटीतून ते निघायचं ते घासायला आणि तोलायला. वजनं बनवून पोट भरणाऱ्या माणसांना पितळ झिजतं हे माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्याचं पितळ झिजतं, थोरलं झिजत नाही, असं त्यांना वाटत होतं.

“म्हणजे वन्संचं बरोबर होतं,” मी म्हणाले.

“म्हणजे माझं चुकलं होतं. सगळ्यांचं. बाबांचंसुद्धा.” मग तळहातावरचा पिवळा भुगा चोळत, “कुणाला सांगू नकोस.”

ते मी त्या संध्याकाळी लिहिलं, शब्द न शब्द. आणि सांगितलं नाही. नवऱ्याने सांगितलं म्हणून गप्प बसले, असं म्हणून मी सुटू शकते, पण ते खरं नाही. कारखान्याचं नाव माझंही नाव होतं. दिवाणखान्यात पाहुणे माशाची तारीफ करत, तेव्हा चहाचा ट्रे घेऊन मीच उभी असे, आणि मला बरं वाटत असे. शिवाय दर आठवड्याला वन्सं माझ्या समोर बसून चहा पीत होत्या. म्हणजे ही गोष्ट न सांगण्याची संधी मला पस्तीस वर्षांत किती वेळा मिळाली, त्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली. कारखाना मुलाकडे आहे. त्याची मुलगी, माझी नात, बावीस वर्षांची. कॉलेज करून कारखान्यात बसली, हात बरा आहे. तिला पेटी उघडून दिली, आठवडाभर. घाम कुठे गेला, कुणी विचारलं नाही. काळ बदलला म्हणे. बदलू दे. पण पत्रिकेवर ‘पहिली मुलगी’? आणि वर ती पत्रिका दाखवून माझा मुलगा आत्याला म्हणतो, “आत्या, ठसा तूच कापायचा हं. चिमणी हवी आहे तिला. तुझ्याशिवाय कुणाला जमणार!”

“मी कापणार नाही,” वन्सं म्हणाल्या.

त्याला वाटलं, हात थरथरतो म्हणून. “अगं, जमेल तसा काप.”

“हात ठीक आहे. आधी माझं वजन पुन्हा तोल. सगळ्यांसमोर, सगळे उभे असताना. मग कापते. चिमणी काय, गरुड कापते.”

“आत्या, तुला मान द्यायचाच आहे. कार्यक्रम झाला की आत ऑफिसात चहा ठेवू, चार शब्द बोलेन मी तुझ्याबद्दल.”

“आत ऑफिसात? फुली आत ऑफिसात मारली होती का?”

“पोरीचा दिवस आहे गं. तिचा दिवस तरी नको खराब करू.”

“माझा केला होता कुणीतरी. खराब झालेला दिवस माणूस पुढे जगतो, बाळा. मी जगले.”

मुलगा माझ्याकडे वळला. “आई, तू समजाव तिला.”

मी म्हणाले, “बघते.” बघते! एवढ्या रागातही माझ्या तोंडून निघालं ते हे.

तीन दिवस मी ती जुनी वही काढत होते, परत ठेवत होते. चौथा काट्याचा दिवस. मी वही पिशवीत घातली, तिच्यावरचं वजन घातलं आणि कारखान्यात गेले. बायकांच्या दारात उभी न राहता सरळ आत. चौदा माणसं रांगेत उभी, हात मागे. वन्सं दाराजवळ, आपल्या खिळ्याखाली. नात मध्ये, नवा एप्रन घालून, ओठ पांढरे. घासणं झालेलं होतं. थोरलं नववधूसारखं लखलखत होतं.

मुलाने ते पारड्याकडे नेलं, आणि मी म्हणाले, “थांब.”

“आई, आत्ता?”

“आत्ताच.” मी चष्मा लावला आणि वाचलं. तारीख, वार, मग यजमानांचे शब्द: मी थोरलं सरकारी पेटीशी तोललं. हलकं आहे. कुणाला सांगू नकोस. माझा आवाज फाटला होता, पण थांबला नाही.

आमचे सगळ्यात जुने कारागीर, मिशीकाका, पुढे आले. “वहिनीबाई, लिहिलेलं कुणीही लिहील.”

“मग लिहिलेल्याचं सोडा, तोलून बघा. तराजूच्या कारखान्यात उभे आहात.”

मुलाला मी त्याच्या लहानपणापासून ओळखते. तो ‘नाही’ म्हणण्याच्या बेतात होता. पण नातीने त्याच्या हातातून थोरलं घेतलं, सरकारी पेटीतलं किलो काढलं आणि दोन्ही समोरासमोर ठेवली. थोरलं वर गेलं. लखलखत वर गेलं.

“म्हणजे आम्ही सगळे…” मिशीकाका म्हणाले, आणि खुंट्यांच्या फळीकडे बघत राहिले. “म्हणजे आमचं काय?”

“नापास,” वन्सं म्हणाल्या. खिळ्याखालून हलल्याही नाहीत. “सगळेच्या सगळे. माझ्या बापासकट.”

“ताई, तोंड सांभाळ!”

“एकोणपन्नास वर्षं सांभाळलं. तुमचा कोंबडा मी कोरलाय मिशीकाका, तुरा तीनदा मोडला होता, तीनदा नव्याने कोरला. त्या दिवसापासून तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणतेय. माझं वजन जड नव्हतं. तुम्ही सगळे हलके होता.”

मिशीकाका मागे सरून रांगेत उभे राहिले.

नातीने खिशातून आपलं वजन काढलं. ते थोरल्याशी जुळवलेलं, म्हणजे हलकंच असणार, हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तिने ते न तोलताच बाकावर ठेवलं. डोळे भरले होते, पण पुसले नाहीत. मग माझ्यापुढे हात केला. “आजी, ते द्या.”

मी पिशवीतून फुलीचं वजन काढून तिला दिलं. तिने थोरलं उतरवून त्या पारड्यात ते ठेवलं आणि हात मागे घेतला. काटा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि मधोमध येऊन थांबला.

वन्सं तोवर जवळ आल्या होत्या. काट्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. मग माझ्या मुलाकडे. “म्हण.”

“आत्या, झालं ना आता. सगळ्यांनी बघितलं.”

“म्हण.”

त्याचे कान लाल झाले. “काटा मध्ये आहे,” तो म्हणाला. “ही आमच्यातली.”

“मोठ्याने.”

“काटा मध्ये आहे! ही… ह्या आमच्यातल्या.”

टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. एका कारागिराने आपला एप्रन काढून हातात घेतला, कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं. मिशीकाकांनी विचारलं, “ताई, तुमचा… तुमचा ठसा कोणता?” त्यांना ‘तुमचा’ म्हणायला दोनदा अडखळावं लागलं.

“फुली,” वन्सं म्हणाल्या. “कापायला नको. माझ्या बापाने मारून ठेवलाय. आता नापास करायला दुसरी खूण शोधा.”

मग त्यांनी फळीवर दोन खुंट्यांच्या मधली जागा शोधली, कानशीच्या टोकाने लाकडावर दोन रेघा ओढल्या आणि खिळ्यावरचा एप्रन काढून आणला. तिथे खुंटी नव्हती. नातीने स्वतःची, नव्याने ठोकलेली खुंटी उपटली आणि फुलीखाली ठोकली. “नवं वजन घडवायला मला दोन महिने लागतील,” ती म्हणाली. “तोवर खिळा चालेल.”

“दीड महिना,” वन्सं म्हणाल्या. “उद्या नऊला ये. आणि राख घरी ठेवून ये.”

मुलगा म्हणतो, शेवट गोड झाला. त्याने सगळ्यांना चहा दिला, थोरलं काचेच्या कपाटात ठेवलं, खाली पाटी लावायचा त्याचा विचार आहे. मी त्याला म्हटलं, पाटीवर खरं लिहिणार असशील तर लाव. अजून लावलेली नाही.

कारखान्यातून आम्ही दोघी चालत निघालो. वन्संनी वजन माझ्याकडे परत दिलं नाही, मी मागितलंही नाही. कोपऱ्यापर्यंत त्या माझ्यापुढे दोन पावलं चालल्या. तिथे थांबून म्हणाल्या, “पस्तीस वर्षं, वहिनी.”

“हो.”

“माझ्या समोर बसून चहा ओतत होतात.”

“हो.”

“दादा तर दादाच. तो घाबरट होता, मला ठाऊक होतं. पण तुम्ही लिहून ठेवलंत. लिहून ठेवलंत आणि वर माझंच वजन ठेवलंत!”

मी ‘चुकले’ म्हणाले. त्यांनी ऐकलं आणि त्यांच्या गल्लीकडे वळल्या. त्याला आता पाच आठवडे झाले. त्या कारखान्यात रोज नऊला जातात, फुलीचे तीन तराजू बाहेर गेले आहेत असं नात सांगते. माझ्याकडे चहाला आलेल्या नाहीत. येतील असं मला वाटत नाही, आणि त्यांनी यावं असं म्हणायचा अधिकार मला नाही.

टेबल खिडकीशी आहे. वही उघडी ठेवली की पानं उडतात. दुसरं काही ठेवायला हाताशी नाही असं नाही. पण मी ठेवलेलं नाही.